मेणाचा ठोकळा

चोडणच्या धक्क्यावर मी बावीस वर्षं तिकिटं फाडली.
माणूस फुकट, वाहनाला पैसे.
कोंबड्यांची टोपली डोक्यावर असली तर ती माणसात धरायची,
स्कूटरला बांधली असली तर स्कूटरमध्ये.
असले वाद मी रॅम्प उचलायच्या आत मिटवायचो,
त्यामुळे वाटायचं, नियम आपल्याला कळतात.

कुंदाच्या पोटातून काढलेला तुकडा
मेणात बसून बंगळूरला गेला.
काड्यापेटीहून लहान ठोकळा, वर नंबर. नाव नाही.
बत्तीस वर्षांच्या संसारात ती एकटी कधी
फोंड्यापलीकडे गेली नव्हती.

तपासणीचे अठ्ठावन्न हजार.
कुरियरचे साडेचारशे, वेगळे.

विमा आहे ना? आहे.
अकरा वर्षं, चवथीच्या माटोळीआधी हप्ता,
एकदाही चुकला नाही.
पत्र आलं: रुग्ण चोवीस तास दाखल नव्हता.
मी म्हटलं, नऊ दिवस होती की!
काउंटरवरची इव्हेट मास्कारेन्यश म्हणाली, अंकल,
बाई होती. तुकडा नंतर गेला.
डिस्चार्ज चौदा तारखेचा, हे बिल एकोणीसचं.

म्हणजे माणूस खाटेवर असला तर पैसे,
मेणात असला तर नाहीत.
मला हसू आलं.
हेच तर मी सांगत आलो लोकांना,
फक्त खिडकीच्या आतून.

इव्हेटनं तीन पत्रं लिहून दिली.
'औषध ठरवायला ही तपासणी लागते, ही हौस नव्हे'
असं काहीसं, इंग्रजीत, जरा सभ्य करून.
मग आवाज उतरवून म्हणाली,
हीच तपासणी विमा कंपनीला एकेचाळीसला पडते,
रोख देणाऱ्याला अठ्ठावन्नला,
आणि गोळी बनवणाऱ्यांच्या योजनेत होती तेव्हा फुकट.
योजना मार्चमध्ये बंद झाली.
आम्ही आलो एप्रिलच्या सहा तारखेला.

एकाच बोटीत तीन भाव,
आणि बोर्ड कुठेच लावलेला नाही.
माझ्या धक्क्यावर निदान बोर्ड होता,
खारं वारं खाऊन अर्धा गेलेला, पण होता.

शेवटी विम्याचे एकोणीस हजार दोनशे जमा झाले.
हा आकडा कसा काढला?
विचारू नका अंकल, म्हणाली, घ्या.
बाकीचे मानशीच्या पावणीसाठी ठेवलेल्यातून गेले.
यंदा दारातली सुंगटं दुसऱ्याची.
रात्री भरती उतरताना दिवा लावून तो बसतो,
मी खिडकी लावून घेतो.

अहवाल एकोणीस पानांचा.
तिसऱ्या पानावर दोष सापडला. त्यावर गोळी आहे.
गोळीचा भाव अहवालात नसतो.
शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात:
रक्ताच्या नातेवाइकांनीही तपासून घ्यावे.

रक्ताची म्हणजे स्वरूपा.
वेर्ण्याच्या कारखान्यात लागून तिला आठ महिने झाले.
स्वतःची पॉलिसी घ्यायची म्हणून फॉर्म आणला होता.
पेनचं टोपण दातात धरून तिनं विचारलं,
बाबा, आधी फॉर्म भरू की आधी रक्त देऊ?

मला उत्तर आलं नाही.
सुटे नाहीत, असं सांगायची सवय होती हाताला,
तो हात नुसता खिशापर्यंत गेला.

कुंदा म्हणाली, तो तुकडा परत देतात का?
पैसे आपण भरले, तर माल आपला.
इव्हेटनं फोन केला. देतात, मागितला तर.
कुरियरचे साडेचारशे.

काल आला. कुंदानं उजेडाकडे धरून पाहिला.
एवढंच? म्हणाली, आणि बराच वेळ पाहत राहिली.
मग पंखा सुरू केला,
आणि स्वरूपाचा फॉर्म उडू नये म्हणून
तो ठोकळा त्याच्यावर ठेवला,
सातव्या प्रश्नाच्या रिकाम्या चौकटीवर.